चार पर्क्स आणि एक डबा

‘पर्क्स’ हा शब्द कुठूनही ऐकू आला की बँकेतल्या माणसाचे कान सशासारखे उभे राहतात. परवा रात्री जेवण झाल्यावर आमचे चिरंजीव आतल्या खोलीतून ओरडले, “पप्पा, चारच पर्क्स घेता येतात. कुठले घेऊ?” मी हातातला पेपर टाकून धावलो. पोराला नोकरी लागली असाच माझा समज झाला. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला नोकरी कोण देणार, हा प्रश्न नंतर सुचला.

“पहिलं कमी व्याजाचं घरकर्ज घे,” मी दारातूनच म्हणालो. “मग मेडिकल, मग एलटीसी, आणि चौथा सणाचा ॲडव्हान्स.”

चिरंजीवांनी माझ्याकडे मॅनेजर नव्या कारकुनाकडे पाहतो तसं पाहिलं.

“पप्पा, मागं खुनी लागलाय. घरकर्ज घेऊन काय करू?”

घरकर्ज घेतल्यावरही मागं कोणीतरी लागतंच, असं ओठावर आलं होतं. पण गिळलं.

तर तो खेळ होता. ‘डेड बाय डेलाइट’ त्याचं नाव. माँट्रियलच्या बिहेवियर इंटरॲक्टिव्ह नावाच्या कंपनीनं 2016 साली तो काढला. पाच जण आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात. एक जण खुनी, बाकीचे चौघे जीव वाचवणारे. धुकं पडलेलं, आणि त्यात बिघडलेले जनरेटर. पाच जनरेटर दुरुस्त केले की फाटकाला वीज येते, मग फाटक उघडून पळायचं. (इथं मला आमच्या लहानपणचं लोडशेडिंग आठवलं. फरक इतकाच, की तेव्हा आम्ही वीज येईपर्यंत पळत नव्हतो, बसून राहत होतो.) खुन्याच्या हाती सापडलेल्याला तो खाटकाच्या दुकानातल्यासारखा आकड्याला लटकवतो. सोबत्यानं येऊन उतरवलं तर सुटका. तिसऱ्यांदा लटकला की कारभार आटोपला.

“अरे, हा तर डबा ऐसपैस!” मी ओरडलो.

आणि खरंच सांगतो, तोच आहे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत डालड्याचा डबा ठेवून आम्ही हेच करत होतो. एकावर राज्य, बाकीचे लपलेले. (‘राज्य’ या शब्दाला शिक्षेचा अर्थ देणारी आमची भाषा किती शहाणी!) राज्यवाला एकेकाला हुडकून आऊट करायचा, आणि न सापडलेल्या एखाद्या पोरानं कुठूनतरी धावत येऊन डब्याला लाथ घातली, की सगळे कैदी एकदम मोकळे. आमच्याकडं पर्क्स नव्हते. नवख्यासाठी एकच सवलत होती, लिंबू-टिंबू. त्याच्यावर राज्य यायचं नाही. तो खेळात आहे, असं फक्त त्याला वाटायचं. आमच्या बँकेतही असे दोघे-तिघे आहेत. पण ते असो.

चिरंजीवांनी यादी दाखवली. प्रत्येक पात्राची कसबं वेगळी. मेग नावाची धावपटू पोरगी आहे. तिच्या कसबानं पहिले तीन सेकंद सुसाट पळता येतं, मग दम लागतो. हे कसब आमच्या ऑफिसात संध्याकाळी साडेपाचला सगळ्यांकडं असतं. क्लॉडेट नावाची वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलगी आहे. तिच्याजवळ ‘सेल्फ-केअर’, म्हणजे आपल्या जखमेला आपणच मलमपट्टी. पण त्याला वेळ फार लागतो; तेच दुसऱ्यानं केलं की लवकर होतं. आणि गंमत बघा, तिच्याजवळच ‘एम्पथी’ नावाचं दुसरं कसब आहे. त्यानं जखमी सोबती लांबूनही दिसतात. आणि चौघांतला एक ड्वाइट. चष्मा, टाय, चेहऱ्यावर कायमची भीती. ऑफिसातले सगळे सहलीला जंगलात गेले आणि सकाळी उठून बघतो तर याला एकट्याला सोडून पसार. बघताक्षणीच मला हा आपला माणूस वाटला. त्याचं कसब ‘बॉन्ड’. आसपासचे सोबती कुठं आहेत, ते भिंतीपलीकडूनही दिसतं. बस्स. पळता येत नाही, मारता येत नाही. नुसतं दिसतं.

चिरंजीवांनी निवडलेली चारही कसबं स्वतःला वाचवण्याची होती.

“आणि बाकीच्या तिघांचं काय?” मी विचारलं.

“पप्पा, नवख्यानं आधी स्वतःचं बघायचं. नवखा वाचवायला गेला की दोघंबी लटकतात.”

उत्तर चुकीचं नव्हतं. पोहता येत नसताना रंकाळ्यात उडी मारणाऱ्याला आपण शूर म्हणत नाही, दुसरं प्रेत म्हणतो. विमानातली हवाईसुंदरीसुद्धा आधी आपल्या नाकाला मास्क लावा म्हणते. वर त्या खेळात एक भुयार आहे. तिघे संपले आणि एकटाच उरला, तर त्याच्यासाठी ते उघडतं. म्हणजे बाकीच्यांचं वाटोळं होण्यात एकाचा फायदा. जमाखर्चाला ही नोंद अगदी चोख बसते. मी कॉमर्सचा पदवीधर. मला काय बोलता येणार?

मी काही बोललो नाही, त्याला कारण 2019 चा ऑगस्ट.

तेव्हा आम्ही जयंती नाल्याच्या अंगाला तळमजल्यावर राहत होतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट; त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, नळ कोरडे, आणि नाल्यातून पाणी उलटं वर चढतंय. पहाटे ते आमच्या उंबऱ्याला लागलं. शेजारचे वरच्या मजल्यावर बोलवत होते. मी जिन्यानं चार खेपा केल्या. पहिलीत एफडीच्या पावत्या आणि घराची कागदपत्रं. दुसरीत टीव्ही. तिसरीत गॅसची टाकी. चौथीत इन्व्हर्टरची बॅटरी, जी उचलताना माझी कंबर गेली ती अजून पुरती परत आलेली नाही. चार खेपा, चार पर्क्स. निवड अगदी हिशेबी.

वर जाऊन धापा टाकत बसलो, तेव्हा ही म्हणाली, “अहो, मागच्या खोलीतल्या आज्जी?”

मागच्या खोलीत एक आज्जी एकट्या राहायच्या. गुडघे गेलेले. दर महिन्याला त्यांच्या पेन्शनची स्लिप मीच भरून द्यायचो. त्यांच्या खात्यात किती शिल्लक आहे ते मला तोंडपाठ होतं. त्या घरात आहेत की नाहीत, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

अर्ध्या तासानं तालमीतल्या पोरांनी त्यांना पाठुंगळी मारून आणलं. कमरेपर्यंत भिजलेल्या. टेकल्या टेकल्या त्यांनी मला पहिलं काय विचारलं असेल? “तुमची सगळी आली का रं वर?”

मी ‘हो’ म्हणालो. मांडीवर एफडीच्या पावत्यांची पिशवी होती.

मला त्यांना उचलता आलं असतं का? नसतं. चिरंजीवांचं म्हणणं खरं. मी गेलो असतो तर दोघंही जिन्यात अडकलो असतो. पण खिडकीतून त्या पोरांना एक हाक मारता आली असती, ‘मागं आज्जी आहेत रे!’ त्याला कंबर लागत नाही. आपण उगाच पळपुटा की शूर एवढंच तोलत बसतो. त्या दोहोंच्याही आधी एक साधं कसब लागतं, कोण कुठं आहे याची खबर ठेवण्याचं. ते नवख्यालाही झेपतं. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं, तेव्हा मी बॅटरी सोडली आणि वहीत घरवार माणसं लिहून तालमीत देऊन आलो. आज्जी तोवर गेल्या होत्या. त्यांच्या खोलीसमोर ‘शून्य’ लिहिताना पेन जरा अडलं.

यातलं निम्मंच चिरंजीवांना सांगितलं. त्यांनी मुकाट्यानं एक पर्क काढून ‘बॉन्ड’ घातला. दहा मिनिटांनी विचारलं, “काय झालं?”

“मेलो. पण कोण कुठं मेलं ते सगळं दिसलं.”

एवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, “दोघं रिकामे बसलाय नव्हं? उठा, भांडी लावा!” मधे दोन भिंती आणि एक बंद दार. आमच्या घरात हा पर्क एका माणसाकडं लग्नापासूनच बसवलेला आहे.