आईस शिकवावे, पण दोष कोणाचा?

अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर येथील वस्त्यांत अंगणवाडीच्या बाई आयांस सांगतात की, सहा महिनेपर्यंत बाळास केवळ अंगावरचे दूध द्यावे, व पुढे दुधासोबत दाट वरणभात, नाचणीची खीर, अंडे असे भरवीत जावे. हे सांगणे उत्तमच होय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा 35 मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. वाढ खुंटते ती बहुधा पहिल्या दोन वर्षांतच. मग ती भरून येणे कठीण.

परंतु जी बाई सकाळीच कारखान्यात जाते, व जिचे तान्हे मोठ्या बहिणीच्या कडेवर चहाबिस्किटावर दिवस काढते, तिला अज्ञानी म्हणणे न्याय्य आहे काय? तिला ठाऊक आहे, वेळ नाही. कित्येक घरी अंडे येतेही, पण ते बापाच्या ताटात जाते. ज्ञान एकीस द्यावे, आणि पैसा व वाढप दुसऱ्यांच्या हाती असावे, तर त्या ज्ञानाने तिच्या जिवास घोर मात्र लागतो. शिकविणे थांबवावे असे आम्ही म्हणत नाही. पुढली बैठक कारखान्याच्या सुटीच्या दिवशी भरवावी, आणि तीत बापास व सासूस पुढे बसवावे, इतकेच.