रोजच्या रस्त्याची गाडी

जुनी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, किती माणसं बसतात? दुसरा, अॅव्हरेज किती देते? पारावर तिसरा प्रश्न भेटला, विकताना किती येतील? तिन्ही प्रश्न रास्त होते. पण माझ्या मनातला प्रश्न कुणीच विचारला नाही, आणि मलाही तो मोठ्याने बोलायला संकोच वाटत होता : चालवताना कशी वाटते?

आपल्याकडे गाडी ही गरज म्हणून घ्यायची, नाहीतर प्रतिष्ठा म्हणून. चालवण्यात आनंद वाटतो म्हणून घेतली, असं सांगणारा माणूस उधळ्या ठरतो. मला हे पटत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या केनवडहून मालेगावला माझी रोजची ये-जा आहे. वर्षातले अडीचशेहून जास्त दिवस तास-सव्वा तास मी स्टिअरिंगमागे असतो. एवढा वेळ मुलांसोबतही निवांत मिळत नाही. तो कंटाळत काढायचा की मन लावून जगायचा, हा मला संसारातलाच प्रश्न वाटतो. घरात तसं स्पष्ट सांगितलं. पैसे दोन लाखांच्या आत, कर्ज नाही, आणि गाडी रोज चालली पाहिजे, एवढ्या अटींवर होकार मिळाला.

खरी अट घातली ती रस्त्याने. मालेगाव-मेहकर रस्त्यावरून वर्षानुवर्षं नागपूर-संभाजीनगरची जड वाहतूक गेली. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि लांब पल्ल्याचे बरेच ट्रक तिकडे वळले. आमच्या रस्त्यावर उरली ती आमचीच वर्दळ : एसटी, दुधाच्या गाड्या, आणि सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्रं आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या. अंधार पडला की रोही, म्हणजे नीलगायी. शेतातून उडी मारून डांबरावर येतात आणि उजेडात डोळे लकाकवत तिथेच उभे राहतात. अशा रस्त्यावर गाडी पळते किती याला महत्त्व कमी. ती वळते कशी, थांबते कशी आणि खड्ड्यातून निघाल्यावर सरळ राहते का, हे पाहायचं. माझ्या लेखी हीच स्पोर्टी गाडीची व्याख्या आहे. एकशे वीसचा वेग समृद्धीवर कुठलीही नवी गाडी गाठते. पण हाताला रस्ता कळू देणाऱ्या गाड्या थोड्या असतात.

यादी लहानच होती. 2005 साली आलेली पहिली स्विफ्ट, 1.3 पेट्रोल. हलकी, चपळ आणि कुठल्याही टपरीवर दुरुस्त होणारी. पण चांगल्या स्थितीतली आता मिळत नाही, आणि त्या वयाच्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी संपून फेरनोंदणी आणि पर्यावरण कर मागे लागलेला असतो. फोर्ड फिगोचं 2015 नंतरचं डिझेल मॉडेल, शंभर पीएसचं, फार आवडलं. ते माझ्या पैशांत बसलं नाही. शिवाय फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं ठरवलं, ही धाकधूक होती. आणि पोलो जीटी टीएसआय. 2013 ची, 1.2 लिटरची, 105 पीएसची, चाकणला बनलेली. ती मी मित्राच्या हातची चालवून पाहिली आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. पंधराशेच्या फेऱ्यांवरच ती अशी ओढते की पाठ सीटला टेकते.

मग मी आमच्या मिस्त्रीकडे गेलो. तो बोनेटखाली वाकलेला होता. पोलोचं नाव ऐकून सरळ झाला, हात पुसले.

"सर, गाडी भारी हाये, मी नाही म्हनत नाही. पन त्या गिअरबॉक्सले इथं हात कोन लावनार? बंद पडली त टोचन करून नागपूरले न्या लागते, नाही त संभाजीनगरले. तुमाले रोज कामावर जा लागते ना?"

त्या गाडीचा सात गिअरचा डीएसजी म्हणजे दोन कोरड्या क्लचचा आणि संगणकावर चालणारा गिअरबॉक्स. त्यातला मेकॅट्रॉनिक भाग गेला की खर्च गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाएवढा होतो. शहरात राहणारा तो सोसू शकेल. माझ्यासाठी गाडी किती चांगली आहे याचं उत्तर मिस्त्रीच्या हातापर्यंतच जातं. हे कळलं आणि शोध एकदम सोपा झाला.

उरली फियाट पुंटो. तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण जुन्या गाड्यांच्या बाजारात तिच्यावर अन्याय झाला आहे. 2009 साली आली, पुण्याजवळ रांजणगावला बनली, 2019 मध्ये कंपनीने भारतातली विक्रीच आवरती घेतली. कंपनी गेली म्हणून लोक घाबरतात आणि भाव पडतो. पण तिचं 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन गावोगावच्या मिस्त्र्यांना पाठ आहे. हेच इंजिन मारुतीने स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगात वापरलं, टाटाने व्हिस्टा आणि मांझात. याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्याचा ऑईल फिल्टर मालेगावला मिळतो, क्लच प्लेट वाशीमला. फियाटचं म्हणून जे वेगळं आहे ते सस्पेन्शन, दारं, दिवे, आणि तेवढ्यासाठी पार्सल मागवायला चार दिवस थांबावं लागतं.

तशी फियाट महाराष्ट्राला परकी नव्हेच. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला फियाट 1100 बनवली, 1974 पासून तीच पद्मिनी झाली, आणि मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी 2023 च्या ऑक्टोबरात गेली. आमच्याकडे जुनी माणसं अजूनही कुठल्याही लहान गाडीला फियाट म्हणतात.

पुंटोत दोन डिझेल होती. साधं 76 पीएसचं, आणि 93 पीएसचं, जे नव्वद एचपी म्हणून ओळखलं जातं. मला दुसरंच हवं होतं. पुढे 2015 मध्ये विंचवाच्या चिन्हाची अबार्थ पुंटो आली, 145 एचपीची पेट्रोल. पण ती जमिनीपासून 155 मिलिमीटर उंच. आमच्या पांदणीत ती पहिल्याच पावसात पोटावर बसली असती.

शोधात एक अनुभव कडू आला. नागपूरला एका दलालाकडे चकचकीत पुंटो दिसली, मीटरवर बासष्ट हजार. पण क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं आणि चालकाच्या सीटची कड बसली होती. दाराच्या चौकटीला ऑईल बदलल्याचं जुनं स्टिकर चिकटून राहिलं होतं, त्यावर एक लाख एक्केचाळीस हजार लिहिलेले. मी काही न बोलता परत आलो. बसच्या भाड्यापेक्षा दिवसभर बाळगलेली आशा गेली, याचं वाईट वाटलं. दिल्ली पासिंगच्या स्वस्त डिझेल गाड्याही दाखवल्या गेल्या. तिथे तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी होती, म्हणून त्या इकडे यायच्या. पण महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरला की स्वस्ताई उरत नाही.

शेवटी संभाजीनगरला मिळाली, 2012 ची, एकाच मालकाची. मिस्त्रीला सोबत नेलं, त्याची दिवसाची मजुरी देऊन. त्याने आधीच बजावलं होतं की मालकाला सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर त्याने बोनेटवर तळहात ठेवला. थंड. मग चावी फिरवायला सांगितली आणि कान देऊन उभा राहिला. चेनची खडखड पहिल्या क्षणी ऐकू येते, इंजिन तापलं की दबते. ती नव्हती. ऑईलचं झाकण उघडून त्यावर पांढरट साय आहे का पाहिलं. नंतर पाठीवर झोपून खाली सरकला, पहारीने लोअर आर्म हलवला, आणि खालूनच म्हणाला, "दोन्ही बुश गेले, सर. बाकी पोरगी चांगल्या घरची हाये." बुशचे पैसे वजा करून एक लाख ऐंशी हजारांत व्यवहार झाला. कागदपत्रांचं काम मात्र उधारीवर ठेवू नये. फॉर्म 29 आणि 30, तिकडच्या आरटीओची एनओसी आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर. त्या दोन आठवड्यांत काही घडलं तर भांडायला आपल्याजवळ कागद हवा.

चालवताना पहिले चार दिवस मी निराश होतो. दोन हजार फेऱ्यांखाली ही गाडी झोपलेली असते. ट्रॉलीमागून निघायचं तर आधी तिसरा गिअर घ्यावा लागतो, टर्बो जागा होईपर्यंत क्षणभर धीर धरावा लागतो. पण एकदा हे अंगवळणी पडलं की मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ती जी धाव घेते, त्याने रोज सकाळी मन ताजं होतं. स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, हायड्रॉलिक, जडसर. डांबर कुठे खरबडीत झालं, कुठे कडेचा मुरूम सुरू झाला, ते बोटांना कळतं. नव्या गाड्यांची हलकी इलेक्ट्रिक स्टिअरिंगं सोयीची आहेत, पण ती बहुधा गप्प असतात.

गेल्या कार्तिकात रात्री परतताना एक रोही समोर आला. वेग सत्तरच्या आसपास. मी ब्रेकवर उभा राहिलो, एबीएसची थरथर पायाला जाणवली, आणि त्याच वेळी गाडी डावीकडे जिथे वळवली तिथेच गेली, मागचा भाग हलला नाही. रोही तिथेच थांबून पाहत राहिला. मी गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं शांत बसलो. घरी सांगितलं तेव्हा बायको फक्त म्हणाली, "ब्रेक आणि टायर आधी बघत जा, बाकी खर्च नंतर." तेव्हापासून टायरचे पैसे आम्ही वेगळे काढून ठेवतो.

लिटरला साधारण अठरा पडते. मागच्या सीटवर आईला चढताना-उतरताना अजिबात त्रास होत नाही, ही गोष्ट विकत घेताना माझ्या हिशेबातही नव्हती. नोंदणी 2027 पर्यंत आहे. तेव्हा फेरनोंदणी करून, पर्यावरण कर भरून तिला ठेवायचं मी ठरवलं आहे.

कुणी विचारलं की कोणती घेऊ, तर मी एवढंच सांगतो. पोलोपायी वेड्या झालेल्या माणसाला मी अडवत नाही. पण गावात राहून रोज चालवायची असेल तर नव्वद एचपीची पुंटो घ्या, आणि पैसे देण्याआधी तुमच्या मिस्त्रीला त्याच्या दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या.