पाय पाहण्याची सेवा

(योहान १३:१–१७, निर्गम १६:१४–२१, मत्तय ४:५–७ हे भाग वाचावे.)



ज्या रात्रीं प्रभु धरला गेला, त्या रात्रीं तो भोजनावरून उठला आणि आपल्या शिष्यांचे पाय धुऊं लागला. या कृत्यापासून नम्रतेचा धडा आपण पुष्कळदां ऐकला आहे. आज आम्ही त्यांतील एका साध्या गोष्टीकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों. जो पाय धुतो, तो पाय पाहतो. टाचेची भेग, रुतलेला कांटा, बोटांच्या बेचकींतील जखम हीं त्याच्या दृष्टीस पडतात. आपल्या मंडळ्यांत आज असे अनेक लोक आहेत कीं, ज्यांचे पाय रोज कोणीतरी पाहणें अगदीं अवश्य आहे. ते मधुमेहाचे रोगी होत.

हा शहरांतल्या धनिकांचा रोग आहे, असें पूर्वीं लोक म्हणत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें दहा कोटी लोकांस हा रोग आहे, आणि नांगर धरणारे व खुरपें चालविणारे हातहि त्यांतून सुटले नाहींत. म्हणून या रोगांत रोजच्या रोज स्वतःची काळजी कशी घ्यावी, याविषयीं तीन गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट: झोपलेला पहारेकरी. वेदना ही देवाची देणगी आहे, असें म्हटल्यास कित्येकांस नवल वाटेल. डॉ. पॉल ब्रँड हे १९१४ सालीं दक्षिण भारतांतील कोल्ली डोंगरांत मिशनरी आईबापांच्या पोटीं जन्मले. १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत असतां त्यांनीं कुष्ठरोग्यांची मोठी सेवा केली. त्या रोग्यांचीं बोटें आपोआप झडतात, असा त्या वेळीं समज होता. ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, वेदना नाहींशी होणें हेंच या नाशाचें मोठें कारण आहे. हात भाजतो, पाय कापतो, रोग्यास कळत नाहीं, आणि तो त्याच जखमेवर चालत राहतो. पुढें अमेरिकेंत कार्व्हिल येथें त्यांनीं हाच धडा मधुमेह्यांच्या पायांस लावला.

रक्तांतील साखर पुष्कळ वर्षें वाढलेली राहिली, म्हणजे पायांचे ज्ञानतंतू बधिर होतात. शरीराचा पहारेकरी झोपीं जातो. पहारेकरी झोपला तर घरधन्यानें जागें राहावें, हें उघड आहे. म्हणून रोज निजण्यापूर्वीं उजेडांत दोन्ही तळवे व बेचक्या पाहाव्या. स्वतःस दिसत नसेल तर आरसा खालीं धरावा, अथवा घरांतील कोणास पाहण्यास सांगावें. पाय कोमट पाण्यानें धुवावे. परंतु पाणी किती ऊन आहे तें कोपरानें पाहावें, पायानें पाहूं नये. बेचक्या कोरड्या पुसाव्या. तळव्यास खोबरेल लावावें, बेचक्यांत लावूं नये. नखें सरळ कापावीं. कुरूप पात्यानें कापूं नये. थंडीच्या दिवसांत शेकोटीवर पाय शेकूं नयेत. शेतांत, अंगणांत, घरांतहि अनवाणी चालूं नये, आणि पायताण घालण्यापूर्वीं तें उपडें करून झटकावें. फोड, सूज, काळेपणा किंवा दुर्गंधि आढळल्यास जखमेंत हळद, चुना किंवा तंबाखू न भरतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. दुखत नाहीं हाच तर धोका आहे.

येथें मंडळीच्या पंचांस एक विनंति आहे. कित्येक ठिकाणीं उपासनामंदिराच्या दाराबाहेर चपला काढण्याची रीत आहे. वैशाखांत तापलेल्या फरशीवरून दहा पावलें चालल्यानें बधिर तळव्यास फोड येऊं शकतो. अशा बंधूंस व भगिनींस चपलांसह आंत येऊं द्यावें. तेणेंकरून देवाच्या घराचा मान कमी होणार नाहीं.

दुसरी गोष्ट: मोजून घेतलेली भाकर. अरण्यांत देवानें इस्राएल लोकांस मान्ना दिला, तो दररोज आणि मापानें. मधुमेह्याचें जेवणहि असेंच असावें. अर्धें ताट भाज्यांचें. पाव भाग भाकरीचा किंवा भाताचा. उरलेला पाव भाग डाळ, उसळ, अंडें किंवा मासळी यांचा. ज्वारीबाजरीची भाकरी चांगली, परंतु तीहि मोजूनच खावी. साखरेऐवजीं गूळ चालतो, हा समज खोटा आहे. आठवड्यांतून निदान पांच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालावें, आणि मिश्री, तंबाखू व विडी हीं टाकून द्यावीं.

आमच्या उपदेशक बंधूंची अडचण आम्ही जाणतों. दहा घरीं भेट दिली तर दहा कप चहा होतो; कपास दोन चमचे धरले तर वीस चमचे साखर पोटांत जाते. नाहीं म्हणावें तर घरधनीण खिन्न होते. भगिनींनो, ज्यास हा रोग आहे त्याच्यापुढें बिनसाखरेचा चहा आनंदानें ठेवा, आणि नाताळांत लाडू-करंज्यांचा आग्रह करूं नका. प्रीति साखरेच्या चमच्यानें मोजली जात नाहीं.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकाएकीं फार खालीं जाते. म्हणून शुभ शुक्रवारचा किंवा प्रार्थनेचा उपास डॉक्टरांस विचारल्याशिवाय करूं नये. घाम सुटला, हातपाय थरथरूं लागले, माणूस भलतेंच बोलूं लागला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यांत विरघळवून लागलीच पाजावी. तपासणीचें यंत्र असल्यास ७० पेक्षां कमी आंकडा ही धोक्याची खूण समजावी. पंधरा मिनिटांत बरें न वाटल्यास पुन्हां तितकीच साखर द्यावी, आणि बरें वाटल्यावर जेवूं घालावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत मात्र कांहींहि घालूं नये. त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

तिसरी गोष्ट: मंदिराच्या शिखरावरून उडी. सैतानानें प्रभूस शिखरावर नेऊन म्हटलें कीं, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभूनें उडी टाकली नाहीं, आणि तरी त्याच्या विश्वासांत उणेपणा आला नाहीं. प्रार्थना केली, आतां औषध कशास, असें म्हणून जे इन्शुलिन सोडून देतात, ते हीच उडी टाकतात. १९२१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांस इन्शुलिनचा शोध लागला. जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्पसन या मुलास तें प्रथम देण्यांत आलें. तोंपर्यंत ज्या मुलांस हा रोग होई, तीं थोड्याच काळांत मरत. शोध करणारांनीं आपला हक्क विद्यापीठास अवघ्या एकेका डॉलरला दिला. हें दान कोणाच्या हातून आलें, हें ओळखून त्याबद्दल उपकारस्तुति करावी, आणि तें वेळेवर घ्यावें. तापांत जेवण कमी झालें तरी इन्शुलिन आपल्या मनानें बंद करूं नये, डॉक्टरांस विचारावें. कारल्याच्या रसासाठीं गोळ्या टाकून देऊं नयेत. घरीं शीतपेटी नसेल तर एका मडक्यांत ओली वाळू घालून तींत लहान मडकें बसवावें, आणि इन्शुलिनची कुपी त्यांत झांकून सावलींत ठेवावी.

तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रांतून करतात. तेथें जाण्यास लाजूं नये. ज्यांस रोग आहे त्यांनीं तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हां करावी. डोळे व लघवी वर्षांतून एकदां तरी तपासून घ्यावीं.

शेवटीं एक दुःखाची गोष्ट. सोयरीक मोडेल या भीतीनें मुलीचा मधुमेह लपविणारे आईबाप आहेत. सासरीं गेल्यावर ती मुलगी सुई कोठें लपवील, आणि एक वेळ चुकली, दुसरी चुकली, म्हणजे तिच्या जिवाचें काय होईल? हा रोग शाप नव्हे आणि पापाची शिक्षाहि नव्हे. तो उजेडांत आणल्यास त्याच्यासह पुष्कळ वर्षें देवाची व माणसांची सेवा करतां येते.

म्हणून, घरांतील तरुणांनो, आज रात्रीं प्रार्थना झाल्यावर दिवा जवळ घ्या, आपल्या म्हाताऱ्या आजीचे किंवा बापाचे पाय मांडीवर घ्या आणि नीट पाहा. त्यांस संकोच वाटेल. पेत्रासहि वाटला होता. त्यांचें हळूच समाधान करा, आणि उद्यां रात्रीं पुन्हां पाहा. ज्यानें आपल्या शिष्यांचे पाय धुतले, तो प्रभु या लहानशा सेवेंत तुम्हांबरोबर असो. आमेन.