तरंगणारी माणसें

थोड्यांचा नाश करून पुष्कळांचें रक्षण करावें कीं नाहीं, हा नीतिशास्त्रांतला जुना प्रश्न मी अनेक वर्षें वर्गांत शिकवीत आलों. पुस्तकांत तो सोपा वाटतो, कारण तेथील माणसांना चेहरे नसतात. ‘खेदिव्ह इस्माईल’ या बोटीची हकीकत वाचल्यापासून मात्र तो शिकवितांना माझी जीभ अडखळते.

१९४४ च्या फेब्रुवारींत ही बोट मोंबासाहून कोलंबोस निघाली. सोबत सैन्य नेणाऱ्या आणखी चार बोटी होत्या व रक्षणास ब्रिटिश आरमाराचीं जहाजें होतीं. बोटीवर सुमारें १,५०० माणसें. त्यांत बहुसंख्य पूर्व आफ्रिकेच्या तोफखान्याचे लोक, आणि ५० हून अधिक लष्करी परिचारिका. १२ तारखेस मालदीव बेटांजवळ जपानी पाणबुडीचे टॉर्पेडो लागले व दोन-तीन मिनिटांत बोट दिसेनाशी झाली. सुमारें १,३०० माणसें गेलीं. स्त्रियांपैकीं ७७ गेल्या, ६ वांचल्या.

युद्धांत असें घडतेंच, असें म्हणून कोणी येथें पान उलटील. पण पाणबुडी तरंगणाऱ्या माणसांच्या खालींच दडलेली होती. ती सुटली तर उरलेल्या चार बोटींवरील हजारों जीव धोक्यांत. तिच्यावर खोल पाण्यांत फुटणारे बाँब टाकावे, तर ते आपल्याच माणसांत पडणार. ‘पेटार्ड’ ही विनाशिका आपल्याकडे येतांना पाहून त्या माणसांना सुटका जवळ आली असेंच वाटलें असेल. तिच्या कप्तानानें बाँब टाकले. पुढें पाणबुडी वर आली आणि बऱ्याच झटापटीनंतर ‘पेटार्ड’च्याच टॉर्पेडोनें बुडाली.

कप्तानाचा हिशेब चुकला, असें मला सिद्ध करतां येत नाहीं. परिचारिकांनाही हा हिशेब अपरिचित नसतो. रणांगणाजवळील इस्पितळांत जखमींची रांग लागली म्हणजे वांचण्यासारखा कोण हें पाहूनच शस्त्रक्रियेचें टेबल दिलें जातें. ज्याची आशा नाहीं तो बाजूस राहतो. परंतु त्याच्याही ओठांना कोणी पाणी लावतें. ‘याला आतांच संपवा, खाट मोकळी होईल,’ असें तेथें कोणी म्हणत नाहीं. मरूं देणें आणि मारणें यांमधील रेघ आम्हां पंडितांना बारीक वाटते. इस्पितळ तिच्यावरच उभें असतें. ती रेघ त्या दिवशीं परिचारिकांच्याच डोक्यावर पुसली गेली.

त्या कप्तानाला खुनी म्हणणारे मला पटत नाहींत. ते किनाऱ्यावर बसलेले असतात. पण ‘योग्यच केलें’ म्हणून वही मिटणारेही किनाऱ्यावरचेच.

एकदां एका विद्यार्थिनीनें विचारलें, “सर, तुम्ही असतां तर?” मीं कांट आणि मिल यांचीं मतें सांगितलीं. “तें पुस्तकांत आहे,” ती म्हणाली. वर्ग हंसला. घंटा व्हावयास अजून बराच वेळ होता.

“टाकले असते,” मी म्हणालों.

तिनें तें वहींत उतरून घेतलें, आणि तिचें तें उतरून घेणें मला मुळींच आवडलें नाहीं.