टपालाचा इतिहास जिल्ह्यातच जपावा

दिल्लीतील राष्ट्रीय फिलॅटेली संग्रहालय १९६८ साली सुरू झाले. अशा संस्थेचा वर्धापनदिन आला की दुर्मिळ तिकिटांची चर्चा होते. १८५२च्या 'सिंध डाक' तिकिटाचे कौतुक होते. ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला सुट्या तिकिटापेक्षा प्रवास करून आलेले पाकीट अधिक काही सांगते. त्यावरचे तिकीट आणि ठाण्याठाण्याचे शिक्के पाहिले की राज्य कोणाचे होते आणि त्याची हद्द कुठवर होती, हे उलगडते. म्हणून टपाल संग्रहालयाची गरज राजधानीइतकीच धाराशिवसारख्या, वारंवार राज्यकर्ते बदललेल्या जिल्ह्यालाही आहे.

१८५३च्या तहाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही निजामाने इंग्रजांच्या ताब्यात दिला. तिथला कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याकडे असतानाच, १८५४च्या ऑक्टोबरपासून, अंतर न पाहता वजनावर पत्राचा दर ठरवण्याची पद्धत सुरू झाली. १८६० साली मुलूख निजामाकडे परत गेला आणि १८६९पासून त्याच्या संस्थानाची स्वतःची तिकिटे निघाली. ती संस्थानाबाहेर चालत नसत. तुळजापूरहून इंग्रजी मुलखातले सोलापूर पन्नास किलोमीटरच्या आत. तरी दोन्हीकडची तिकिटे वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाने शरणागती पत्करली, पण संस्थानी टपाल भारतीय टपालात विलीन व्हायला १९५० उजाडले. राजकीय मुक्ती एका दिवसात जाहीर होते, कारभार मात्र टप्प्याटप्प्याने बदलतो, याचा हा ठोस पुरावा आहे. पुढे १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पिन कोड योजनेत सोलापूर ४१३००१, धाराशिव ४१३५०१ आणि लातूर ४१३५१२ झाले. एकेकाळी दोन राजवटींत विभागलेली ही शहरे ४१३ या एकाच आकड्याखाली आली.

यावर पहिला आक्षेप असा, की निजामाच्या ज्या राजवटीतून सुटण्यासाठी लोकांनी रझाकारांचे अत्याचार सोसले, तिची तिकिटे आता का जपायची? जपणे म्हणजे गौरव करणे नव्हे. २०२३मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या नावाचे शिक्के मारलेली पाकिटे नष्ट झाली, तर नाव का आणि कशातून बदलले हे पुढच्या पिढीला दाखवायचे कशावरून? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पत्र ही खासगी गोष्ट आहे. तो मान्यच करायला हवा. पण टपालाच्या इतिहासाला बहुतेक वेळा पाकिटाची बाहेरची बाजू पुरते. आतला मजकूर कुटुंबाच्या संमतीशिवाय उघड करू नये. छायाचित्रे संगणकावर ठेवली की भागले, असेही म्हटले जाईल. छायाचित्रांमुळे अभ्यास सोपा होतो हे खरे, पण कागद, शाई आणि डिंक तपासायला मूळ वस्तूच लागते.

छोट्या जिल्ह्याला हे पेलेल का, या प्रश्नाचे उत्तर तेर गावात आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या प्राचीन वस्तूंच्या संग्रहातून तिथले शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तेर म्हणजेच सातवाहनकालीन तगर नगरीचे अवशेष एका स्थानिक माणसाच्या आस्थेने वाचू शकतात, तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पाकिटे वाचवणे अशक्य नाही. त्यासाठी वेगळी इमारत नको. एक दालन, कोरडी कपाटे आणि नोंदी ठेवणारा जाणकार माणूस पुरे. शासनाने ते दालन द्यावे. आणि जिल्ह्यातील कुटुंबांनी घरातले जुने टपाल रद्दीत घालण्यापूर्वी त्यावरचे शिक्के एकदा वाचून पाहावेत.