न पाठवलेल्या पत्रांचे ठसे

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. मग एखादी चित्रकर्ती बहिणीची खासगी पत्रं धातूवर उतरवते, शाई लावून त्यांच्या प्रती काढते आणि त्या भिंतीवर लागतात, तेव्हा तिला काय म्हणावं? झरीना हाश्मी यांची ‘लेटर्स फ्रॉम होम’ ही २००४ मधली मुद्राचित्रमालिका मला या प्रश्नाशी पुन्हा पुन्हा आणून सोडते. पत्र उघडं करूनही त्याचा खासगीपणा राखता येतो, असं मला तिच्यामुळे वाटू लागलं.

झरीना १९३७ साली अलीगढमध्ये जन्मल्या. वडील तिथल्याच विद्यापीठात इतिहास शिकवत. झरीनांनी पदवी घेतली गणितात. पुढे पॅरिसला मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या कार्यशाळेत त्या शिकल्या, टोकियोत लाकडी ठशांचं काम शिकल्या आणि अखेर न्यूयॉर्कला राहिल्या. कुटुंब मात्र फाळणीनंतर बाराएक वर्षांनी पाकिस्तानात गेलं. बहीण राणी कराचीत. आईवडिलांचे मृत्यू, घराची विक्री, मुलांचं घर सोडून जाणं, असं काही घडलं की राणी झरीनांना उर्दूत पत्र लिहीत. ते टपालात मात्र टाकत नसत. दूर एकट्या असलेल्या बहिणीला हे कळवून तिचं दुःख का वाढवा? ती सगळी पत्रं झरीनांच्या हाती पडली ती बऱ्याच वर्षांनी, एकदम.

या मालिकेतल्या आठ चित्रांत राणींचं हस्ताक्षर धातूच्या पाट्यांवरून छापलेलं आहे, आणि त्यावर लाकडी ठोकळ्यांतून घरांचे आराखडे आणि शहरांचे नकाशे चढवले आहेत. काळी शाई, पातळ हातकागद; रंग नाहीत. झरीनांच्या आधीच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) या छत्तीस चित्रांच्या मालिकेतही उर्दू शब्द आहेत, पण ते व्यावसायिक सुलेखनकाराने लिहिलेले, डौलदार. राणींचं अक्षर तसं नाही. ते रोजच्या वापरातलं, घाईचं आहे. झरीनांना नस्तालीक या उर्दूच्या लेखनशैलीतलं सुंदर अक्षर पुन्हा करवून घेता आलं असतं. त्यांनी बहिणीचा हात जसा होता तसा ठेवला, आणि मला हा त्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. मजकूर कुणीही उतरवून काढील. हाताची लय उतरवून काढता येत नाही.

उर्दूच्या बाबतीत याला आणखी एक संदर्भ आहे. नस्तालीक शैली खिळ्यांत बसवणं फार अवघड, म्हणून उर्दू पुस्तकं आणि वर्तमानपत्रं दीर्घकाळ कातिबाने, म्हणजे लेखनिकाने, हाताने लिहिलेल्या मजकुरावरून शिळाछापाने निघत. १९८१ साली संगणकावरचं नूरी नस्तालीक आलं, तोवर उर्दू वाचक छापील पानावरही बहुतेकदा कुणाचं तरी हस्ताक्षरच वाचत होता. तेव्हा उर्दू पत्राचा छापा निघणं यात परकं असं काही नाही. नवी गोष्ट एवढीच की इथे लिहिणारी कातिब नव्हती, बहीण होती.

मुद्राचित्राची रीत इथे फार बोलकी ठरते. कागदावर अक्षर सुलट यायचं तर पाट्यावर ते उलटं असावं लागतं. म्हणजे पाट्यावरचं उर्दू डावीकडून उजवीकडे धावतं. ज्या पत्रात वडील गेल्याची बातमी आहे, तेच असं उलटं समोर येतं, की ते वाचण्याआधी नुसतं पाहावं लागतं. दुःखाला हात लावण्यापुरतं अंतर त्यातून मिळत असावं, असं मला वाटतं.

आणि मग ते नकाशे. घराचा आराखडा ओळींवर बसतो तेव्हा काही शब्द झाकले जातात, काही उरतात. उर्दू जाणणाऱ्यालाही सगळं पत्र मिळत नाही; न जाणणाऱ्याला तर फक्त ओळींची चाल दिसते. आपल्याकडे मोडी कागदांचे रुमाल घरात असलेल्यांना हा अनुभव ठाऊक आहे. पणजोबांनी बोरू न उचलता लिहिलेली ओळ समोर असते, तिची घाई आणि तिचा ठामपणा कळतो, आणि ते काय म्हणताहेत ते कळत नाही. मात्र मोडीचं कुलूप आपल्या विसराळूपणानं लागलं आहे. झरीनांनी ते जाणून लावलं. प्रेक्षकाला त्यांनी बहिणीच्या दुःखाच्या दारापर्यंत नेलं, आत नेलं नाही.

म्हणूनच आईचं किंवा आजीचं पत्र स्कॅन करून चौकटीत लावण्याची, उशीच्या अभ्र्यावर छापण्याची जी हौस हल्ली दिसते, तिच्याशी या कामाची तुलना मला मान्य नाही. त्या हौसेमागे माया असते, हे खरं. पण तिथे पत्राबद्दल काहीच ठरवलेलं नसतं: काय दाखवायचं, काय राखायचं, कुणाच्या संमतीने. राणींनी पत्रं स्वतः बहिणीच्या हाती दिली होती. ज्यांची पत्रं आपल्या कपाटात आहेत, त्यांतल्या किती जणांनी आपल्याला तसं दिलं आहे? जे हयात आहेत त्यांना विचारता येतं. जे गेले त्यांच्या पत्रांतला कोणता भाग झाकायचा, हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि तेही पाट्यावर पहिला चरा ओढण्याआधी.