मुठीचे वाटेकरी

डेट्रॉइटमध्ये जेफर्सन आणि वुडवर्ड हे दोन मोठे रस्ते मिळतात तिथे एक हात टांगलेला आहे. ब्राँझचा, २४ फूट लांब, मूठ आवळलेला. मुठीवर ग्लव्ह नाही, आणि हातामागे धड नाही की चेहरा नाही. हे हेवीवेट बॉक्सर जो लुईचं स्मारक. रॉबर्ट ग्रॅहम या शिल्पकाराने घडवलेलं, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने शहराला भेट दिलेलं, १९८६मध्ये उभं राहिलेलं. त्यावर तेव्हा बरीच टीका झाली. मला मात्र ते फार प्रामाणिक वाटतं. लुईकडून ज्याला ज्याला काही हवं होतं, त्याला एवढंच हवं होतं. बाकीचा माणूस त्याच्याबरोबर नाइलाजाने आला.

हेवीवेट बॉक्सरच्या आयुष्याची एक ठरलेली गोष्ट आहे. दारिद्र्यात जन्म, मुठीच्या जोरावर लाखोंची कमाई, मग गाड्या, बायका, भोवती मिरवणारे भाट आणि उतारवयात कर्ज. सांगणारा शेवटी मान हलवतो आणि ‘पैसा राखता आला नाही’ म्हणून मोकळा होतो. लुईचीही गोष्ट अशीच सांगितली जाते आणि ती अगदीच खोटी नाही. गोल्फवर पैजा लावून त्याने भरपूर पैसा घालवला. शिकागोतला नाइटक्लब, स्वतःच्या नावाचं सरबत असे धंदे केले, ते टिकले नाहीत. मागेल त्याला तो देत असे. बायकोशी एकनिष्ठ राहणं त्याला कधी जमलं नाही. पण या गोष्टीत एक सोय आहे. दोष एका माणसाच्या फाटक्या खिशावर टाकला, की त्या खिशात आणखी किती हात होते, हे मोजायची गरज उरत नाही.

लुईचा जन्म १९१४चा, अलाबामातल्या लाफायेटजवळचा. घर कुळाने कापूस पिकवणाऱ्यांचं. १९२६मध्ये कुटुंब डेट्रॉइटला आलं. आईने व्हायोलिनच्या शिकवणीसाठी दिलेले पैसे पोराने व्यायामशाळेत भरले, ही कथा अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असे. तिथून तो जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक या दोन मॅनेजरांच्या हाती गेला. दोघेही कृष्णवर्णीय आणि दोघांचाही पैसा आकड्यांच्या जुगारातला. कमाईचा निम्मा हिस्सा या दोघांचा. प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न हा जुना मुष्टियोद्धा, मनुष्यवधासाठी तुरुंग भोगून आलेला. गुणांवर निकाल लावायची वेळ आली तर गोरे पंच तुझ्या बाजूने कौल देणार नाहीत, तेव्हा निकाल मुठीनेच लावून टाकायचा, ही त्याची शिकवण. लुईच्या बहुतेक लढती नॉकआऊटने संपल्या, त्यामागे ताकदीइतकाच हा व्यवहारही होता.

रॉक्सबरोने त्याला काही नियम घालून दिले. गोऱ्या स्त्रीबरोबर फोटो काढायचा नाही. नाइटक्लबात एकट्याने जायचं नाही. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून आनंद दाखवायचा नाही. कॅमेऱ्यासमोर चेहरा कोरा ठेवायचा. या नियमांना कारण होतं जॅक जॉन्सन. तो १९०८मध्ये पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला, हसत हसत गोऱ्यांना लोळवत राहिला, गोऱ्या बायकांशी लग्नं केली. १९१०मध्ये त्याने जिम जेफ्रीजला हरवलं तेव्हा गावोगावी दंगली झाल्या, माणसं मेली. पुढे एका कायद्याचा आधार घेऊन त्याला शिक्षा ठोठावली गेली. १९१५मध्ये तो हरला आणि त्यानंतर २२ वर्षं एकाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी लढू दिलं नाही. थोडक्यात, गोऱ्याला मारायची परवानगी लुईला मिळणार होती, पण मारताना मजा येते आहे असं दिसता कामा नये, या अटीवर. पहिला वाटा असा चेहऱ्याने भरला. तो मुळात अबोल होता, त्यामुळे हे त्याला फार जड गेलं नसेल असं म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. स्वभावाने गप्प राहणं निराळं आणि गप्प राहण्याची हमी देणं निराळं.

किताबाच्या लढतीसाठीही किंमत मोजावी लागली. जगज्जेता जेम्स ब्रॅडॉक लढायला तयार झाला तो एका कराराने. लुई जिंकला तर पुढची दहा वर्षं किताबाच्या लढतींच्या नफ्यातला दहावा हिस्सा ब्रॅडॉककडे. २२ जून १९३७ला शिकागोत लुईने त्याला आठव्या फेरीत झोपवलं. हरलेला माणूस जिंकणाऱ्याच्या भविष्यात भागीदार होऊन घरी गेला.

पैशाचे वाटेकरी निदान करारात दिसतात. दुसऱ्या जातीच्या वाटेकऱ्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं. १९३५मध्ये मुसोलिनी अबिसिनियावर चालून जायच्या तयारीत असताना लुईसमोर रिंगमध्ये आला तो प्रिमो कार्नेरा, इटलीचा अगडबंब पैलवान. लुईने त्याला सहाव्या फेरीत संपवलं आणि हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, अबिसिनिया जिंकल्याच्या थाटात जल्लोष झाला. पुढच्या वर्षी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने लुईला बाराव्या फेरीत पाडलं, तेव्हा त्याच हार्लेममध्ये मोठी माणसं रस्त्यात उभी राहून रडली. बावीस वर्षांच्या पोराच्या जबड्यावर सगळ्या समाजाची अब्रू टांगली होती. त्याला वाईट दिवस येण्याचीही मुभा नव्हती.

मग आली २२ जून १९३८ची रात्र. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, सत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक, रेडिओला कान लावून बसलेले कोट्यवधी. लढत १२४ सेकंद चालली. लुईने सुरुवातीलाच जॅब मारून श्मेलिंगला मागे रेटलं. श्मेलिंगची पाठ दोराला लागली, तोल सावरायला त्याने उजव्या हाताने वरचा दोर धरला आणि त्या क्षणी त्याची एक बाजू उघडी पडली. अंग वळवता वळवता लुईचा उजवा गुद्दा त्याच्या पाठीत, कमरेच्या वर बसला. श्मेलिंग किंचाळला. ती किंकाळी दोराजवळ बसलेल्यांनी ऐकली आणि आयुष्यभर विसरले नाहीत. त्यानंतर तो तीनदा खाली गेला. त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला, पंच आर्थर डोनोव्हनने तो उचलून दोरावर भिरकावला आणि काही क्षणांतच लढत थांबवली. श्मेलिंगच्या मणक्याला इजा झाली होती, त्याला इस्पितळात हलवावं लागलं.

लोकशाहीने नाझीवादाला हरवलं, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले. जरा जवळ जाऊन पाहिलं, की हे चित्र विस्कटतं. श्मेलिंग नाझी पक्षाचा सभासद नव्हता. त्याचा अमेरिकेतला मॅनेजर जो जेकब्स ज्यू होता आणि बर्लिनने दबाव आणूनही श्मेलिंगने त्याला काढलं नव्हतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली गेली, तेव्हा त्याने एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना बर्लिनमध्ये आपल्या हॉटेलच्या खोलीत लपवून ठेवलं. इकडे ज्या लोकशाहीच्या नावाने लुई लढला, तिच्यात अलाबामातल्या त्याच्या नातेवाइकांना मत देता येत नव्हतं. मूठ लुईची होती, तिच्यावर अर्थ चिकटवणारे दुसरेच होते. अर्थात त्याला श्मेलिंगचा हिशेब चुकता करायचाच होता. माणसाचा साधा सूडसुद्धा राष्ट्राने आपल्या खात्यावर लिहून घेतला, एवढंच माझं म्हणणं.

युद्ध आलं आणि राष्ट्राने रीतसर मागणी केली. जानेवारी १९४२मध्ये लुई बडी बेअरशी लढला आणि आपल्या वाट्याचे सुमारे ४७ हजार डॉलर त्याने नौदलाच्या मदतनिधीला देऊन टाकले. लगेच साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. मार्चमध्ये एब सायमनशी लढून आणखी सुमारे ३६ हजार लष्कराच्या निधीला दिले. सैन्यात त्याने ९६ प्रदर्शनीय लढती केल्या, अंदाजे वीस लाख सैनिकांनी त्या पाहिल्या. त्याच काळात अलाबामातल्या एका छावणीच्या बसथांब्यावर गोऱ्यांसाठी राखलेल्या बाजूला गेल्यावरून त्याला आणि मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सनला लष्करी पोलिसांनी धरलं. कॅन्ससच्या फोर्ट रायलीत जॅकी रॉबिन्सन आणि इतर कृष्णवर्णीय तरुणांना अधिकारी प्रशिक्षणात घेत नव्हते, तिथे लुईने आपलं वजन वापरून दार उघडायला लावलं. हेच जॅकी रॉबिन्सन पुढे बेसबॉलमध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडून गेले. कोऱ्या चेहऱ्याच्या लुईने हे काम केलं, तेही गाजावाजा न करता.

आपल्याकडे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. लुईने त्या शब्दशः भाजल्या आणि वर पिठाचं बिलही त्याच्याच नावे निघालं. दान दिलेली रक्कम ही आधी त्याची कमाई होती, असं करखात्याने धरलं. त्यात हिशेबनिसांनी घातलेले घोळ, प्रमोटर माइक जेकब्सकडून घेतलेल्या उचली, वर्षानुवर्षं न तपासलेली खाती. १९४६मध्ये बिली कॉनशी झालेल्या लढतीत लुईच्या वाट्याला सुमारे सहा लाख डॉलर आले. त्यातले जवळजवळ १ लाख ४० हजार मॅनेजरांना, ६६ हजार घटस्फोटित पत्नीला, ३० हजार न्यूयॉर्क राज्याला गेले. केंद्राचा कर आणि उचलींची परतफेड अजून बाकीच. १९५०मध्ये त्याच्या नावावर पाच लाखांहून अधिक डॉलरचं देणं निघालं.

पाच लाख हा आकडा तेव्हाही एका जगज्जेत्याला अशक्य नव्हता. अशक्य होतं ते गणित. त्या काळी अमेरिकेत वरच्या टप्प्यावर प्राप्तिकराचा दर नव्वद टक्क्यांपर्यंत होता. जुनं देणं फेडायला लुईने लढायचं, तर त्या लढतीच्या कमाईवर नवा कर, हातात उरेल त्यातून फेड, तोवर मुद्दलावर व्याज. जितका लढेल तितका तो देण्यात रुतणार. सरकारने त्याच्यावर सूड उगवला असं मला वाटत नाही. खातं नियमाप्रमाणे चाललं, पण दाराशी आलेला हा माणूस कोण, हे विचारायला नियमात जागा नव्हती. १९५३मध्ये आई गेली. तिने त्याच्यासाठी ठेवलेले साडेसहाशेच्या आसपास डॉलरही करखात्याने वळते करून घेतले.

या देण्यापायीच तो निवृत्तीनंतर रिंगमध्ये परत आला होता. मार्च १९४९मध्ये निवृत्त होताना त्याच्याजवळ ११ वर्षं ८ महिने सांभाळलेला किताब होता, तो त्याने २५ वेळा राखला होता. सप्टेंबर १९५०मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. ऑक्टोबर १९५१मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये समोर रॉकी मार्सियानो होता. लुई ३७ वर्षांचा, डोक्यावर टक्कल पडू लागलेलं. आठव्या फेरीत दुसऱ्यांदा पडला तो दोरांमधून बाहेर, रिंगच्या कडेवर. मार्सियानो नंतर त्याला भेटून रडला असं सांगतात. पुढे १९५६मध्ये लुई ठरवून खेळल्या जाणाऱ्या कुस्त्यांत उतरला. तिथे एका तीनशे पौंडी गड्याचा पाय छातीवर पडून त्याच्या फासळ्या मोडल्या.

१९६७मध्ये मुहम्मद अलीने सैन्यात जायला नकार दिला, तेव्हा लुईने त्याच्यावर टीका केली, आणि अलीने त्याला गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटलं. मला इथे कोणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही. अलीने राष्ट्राचा वाटा नाकारला, त्यासाठी साडेतीन वर्षं रिंगबाहेर काढली, हे धैर्य मोठंच. पण त्याचाही मॅनेजर होता हर्बर्ट मुहम्मद, ज्या पंथासाठी अली बोलत होता त्याच्याच प्रमुखाचा मुलगा. जुना भागीदार नाकारला तरी भागीदारी संपली नव्हती. शिवाय ठोशांचा हिस्सा अलीच्या मेंदूने पुढे तीस वर्षं भरला. लुई आणि अली नंतर मित्र झाले.

साठच्या दशकात करखात्याने वसुली लुईच्या चालू उत्पन्नापुरती मर्यादित केली. दरम्यान कोकेन आणि कोणीतरी आपल्या मागावर आहे हा भास, यांपायी १९७०मध्ये त्याला डेन्व्हरच्या इस्पितळात ठेवावं लागलं. त्यातून सावरल्यावर लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये त्याला काम मिळालं. येणाऱ्या पाहुण्यांशी हात मिळवायचा, गप्पा मारायच्या, त्यांच्याबरोबर गोल्फ खेळायचा. बॉक्सिंगवर लिहिणारे इथे हमखास हळवे होतात. जगज्जेता जुगारगृहाच्या दारात उभा! लुई मात्र त्या नोकरीत दुःखी असल्याची खूण फारशी सापडत नाही. लोक ओळखत होते, गोल्फ होता, पगार होता, आणि कोणी तोंडावर मारत नव्हतं. त्याची कीव करायची गरज त्याला नव्हती, आपल्याला होती. शोकांतिका लिहिणारे आम्हीही त्याच मुठीचे वाटेकरी, फक्त उशिरा आलेले.

११ एप्रिल १९८१ला सीझर्स पॅलेसमध्ये लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिकची लढत होती. लुई ती पाहायला हजर होता. दुसऱ्या दिवशी हृदय बंद पडून तो गेला, ६६ व्या वर्षी. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत दफन होण्यासाठी तो नियमांत बसत नव्हता. अध्यक्ष रेगन यांनी नियम शिथिल केला. मॅक्स श्मेलिंग तोवर जर्मनीत कोका-कोलाच्या व्यवसायात चांगला श्रीमंत झाला होता. तो लुईला अधूनमधून भेटायचा, अडचणीत पैसेही द्यायचा. अंत्यविधीच्या खर्चाचा काही भाग त्यानेच उचलला.